मोजकी माणसं, जाणता वाटाड्या

विचुंब्यात दिवस उगवतो तो डोंगरामागून. उगवतीला माथेरान आणि प्रबळगडाची रांग आधी काळी दिसते, मग निळसर होते आणि पावसाळा नुकताच सरलेला असेल तर तासाभरात हिरवीगार. प्रबळगडाला लागून कलावंतिणीचा सुळका उभा. दक्षिणेकडे, हवा स्वच्छ असली की, कर्नाळ्याचा अंगठा. गाढी नदी याच डोंगरांत उगम पावते, गाढेश्वराच्या धरणातून पुढे येते, विचुंबे-देवदजवळून वाहत पनवेलच्या खाडीला मिळते. खाडीपुढे समुद्र, समुद्रात घारापुरी. कड्याकपाऱ्यांचा मुलूख आणि इतिहासाची बेटं यांच्यामध्ये आपलं गाव आहे, आणि मधलं अंतर एका लहानशा नदीएवढं आहे.

11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्यांतले दोन आपल्या जिल्ह्यातले: डोंगरावरचा रायगड आणि समुद्रातला खांदेरी. घारापुरीची लेणी तर 1987 पासून या यादीत आहेत. हा मान मोठा आहे आणि त्यामुळे गडांची, बेटांची ओढ आणखी वाढणार आहे. वाढावीच. तिथे जायचं कसं, याचा विचार मात्र आपण घरातून निघण्याआधी करायला हवा.

माझं म्हणणं साधं आहे. मोजक्या माणसांनी जावं आणि जाणत्या माणसाचं बोट धरून जावं.

रायगडाचंच पाहा. राजसभेत नगारखान्याच्या दारापाशी कोणी हळू आवाजात बोललं, तरी दोनशे फुटांहून लांब असलेल्या सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी ते ऐकू येतं. 6 जून 1674 रोजी जिथे राज्याभिषेक झाला, त्या जागेची बांधणी किती विचाराने केली होती, हे या एका गोष्टीतून कळतं. पण ते कळायला शांतता लागते. दहा-बारा जणांचा गट असला, की वाटाड्या एकाला नगारखान्यापाशी थांबवतो, बाकीच्यांना चौथऱ्याजवळ नेतो आणि सगळ्यांना क्षणभर गप्प राहायला सांगतो. तिकडून आलेला आवाज कानावर पडतो आणि अंगावर काटा येतो. दोनशे माणसं एकदम शिरली, प्रत्येकाच्या हातात फोन आणि एखाद्याच्या खांद्यावर स्पीकर असला, तर तीच राजसभा केवळ एक मोकळं दगडी पटांगण ठरते. ज्याने गड बांधला त्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं आहे. आपण सेवेला हजर आहोत एवढंच त्यात आहे, मोठेपणाचा शब्द नाही. कोणी थांबवून दाखवलं नाही, तर माणसं त्याच पायरीवरून चालत पुढे जातात.

वाटाड्या म्हणजे नुसती माहिती सांगणारा माणूस नव्हे. ठाकूरवाडीतून प्रबळमाचीकडे चढताना नीट पाहावं. गावातला पोरगा पुढे चालतो, पण त्याचं लक्ष असतं सगळ्यात शेवटच्या माणसाच्या पायांकडे. त्या पायांवरून तो ठरवतो, पुढची विश्रांती कुठे घ्यायची आणि कोणाला माचीवरच बसवून ठेवायचं. कलावंतिणीच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या उंच आहेत, एका बाजूला दरी आहे आणि कठडा नाही. उतरताना तोंड कातळाकडे करायचं, आधी पाऊल टेकवायचं, मग भार टाकायचा, हे तो प्रत्येकाला वेगळं सांगतो. बारा जणांना असं सांगता येतं, साठ जणांना येत नाही. कर्नाळ्याच्या सुळक्याला आग्या मधमाश्यांची पोळी लागतात. तिथे आरडाओरडा करायचा नाही, शेकोटी पेटवायची नाही, अत्तर फवारून जायचं नाही, हे गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्याला ते सांगणारा कोणीतरी सोबत लागतो.

समुद्रावर तर वाटाड्याचं म्हणणं हाच कायदा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं आणि जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमाराला भरती पूर्ण झाली असं धरायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. पण एवढ्यावर भागत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, तेव्हा ओहोटीलाही समुद्र पुरता मागे सरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं, आणि परततं तेव्हा भराभर चढतं. किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ आणि गोड्या पाण्याची पुष्करणी पाहता पाहता माणसाला वेळेचं भान राहत नाही. किनाऱ्यावरचा जाणता माणूस मात्र बोलता बोलता पाण्याकडे बघत असतो, आणि तो “चला” म्हणाला, की निघायचं असतं.

खांदेरीला जायचं तर थळच्या किनाऱ्यावरून होडी करावी लागते. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना या बेटावर धाडलं आणि तटाचं काम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी मोठी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पुढे सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजं वाऱ्यावर अवलंबून होती. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या वेळी या होड्या वेढ्यातून निसटून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. इंग्रजांचं डव्ह नावाचं गलबत तर मराठ्यांनी पकडून नेलं. किल्ला बांधून झाला. आज त्या बेटावर 1867 सालचा दीपगृहाचा मनोरा आहे, दगडाने ठोकलं की धातूसारखा वाजणारा खडक आहे आणि कोळी बांधवांचा वेताळदेव आहे. आपण तिथे पाहुणे आहोत. चप्पल कुठे काढायची, फोटो कुठे घ्यायचा नाही, हे नाखव्याला विचारावं आणि तो सांगेल तसं वागावं.

मुरुडच्या जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना एक गोष्ट नेहमी जाणवते. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा नजरेस पडत नाही. बांधणाऱ्यांनी तो तसाच योजला होता. दारात शिरताना पायांत आणि शेपटीत हत्ती जखडलेला शरभ कोरलेला दिसतो. हा किल्ला सिद्दींच्या हातून कोणालाच घेता आला नाही. महाराजांनी समोर कासा खडकावर पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये थेट समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला काढला. लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या होत्या, पण मागून कुमक वेळेवर आली नाही, असं सांगतात. त्या धाडसाबद्दल शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय करायची, असं तो म्हणाला. मग महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि त्याचं नावच पालखी ठेवलं, अशी कथा या किनाऱ्यावर आजही जिवंत आहे. पुस्तकात ती आपण वाचू शकतो. पण वल्हं मारता मारता राजपुरीचा कोळी ती सांगतो, तेव्हा ती त्याच्या घरातली गोष्ट असते. त्याच्या आवाजातला अभिमान कागदावर उतरत नाही.

चांगला वाटाड्या आणखी एक करतो. तो कथा आणि कागद वेगळे ठेवतो. हिरकणीची कथा सांगताना ती लोककथा आहे हेही सांगतो, आणि म्हणून तिची गोडी जरासुद्धा कमी होत नाही. गो. नी. दांडेकरांनी पुण्या-मुंबईच्या कितीतरी तरुणांना बरोबर घेऊन गड दाखवले. निनाद बेडेकरांनी ऐतिहासिक कागदपत्रांचा अभ्यास केला आणि तो गडाच्या दारात उभं राहून लोकांना समजावून दिला. गडवाटेवर जाणत्याच्या मागे चालायची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ती नव्याने शोधून काढायची गरज नाही, चालू ठेवायची गरज आहे.

दूर स्कॉटलंडमध्येही डोंगराळ मुलूख आणि ऐतिहासिक बेटं जवळजवळ आहेत. तिथे पंधरा-सोळा माणसांची छोटी गाडी आणि सोबत एक जाणता चालक-मार्गदर्शक, अशा सहली लोकप्रिय आहेत. आयोना हे तिथलं लहानसं बेट. 563 साली तिथे एक मठ स्थापन झाला. पाहुण्यांना स्वतःची मोटार तिथे नेता येत नाही, बेटावर पायी फिरावं लागतं. हे ऐकून नवल वाटण्याचं कारण नाही. विचुंब्यातून दिसणाऱ्या माथेरानमध्येही पर्यटकांच्या मोटारी दस्तुरीच्या पुढे जात नाहीत, आणि म्हणूनच तिथल्या लाल मातीच्या वाटा अजून वाटा राहिल्या आहेत. जागा जपायची असेल तर येणाऱ्याने थोडं लहान व्हावं लागतं, हे शहाणपण आपल्या उशाशीच आहे.

गर्दीची किंमत काय असते तेही आपण पाहिलं आहे. 7 जुलै 2024 रोजी रायगडावर इतका पाऊस कोसळला, की पायऱ्यांवरून धबधब्यासारखे लोंढे वाहू लागले आणि त्यांत पर्यटक अडकले. तटाला, साखळीला धरून उभी असलेली माणसं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. आभाळाचा रंग ओळखून “आज वर जायला नको” म्हणणारा माणूस आणि त्याचं ऐकणारा लहान गट, यांच्याइतकी खात्रीची सुरक्षा दुसरी नाही. मोठ्या गर्दीत असं म्हणणाऱ्याचा आवाज कोणापर्यंत पोहोचतच नाही.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, अनेक माणसं मातीखालीच राहिली. गडावर जाणाऱ्या कितीतरी जणांनी त्या वाडीत पाणी प्यायलं होतं, भाकरी खाल्ली होती, पुढची वाट विचारली होती. जे तिथे बसून दोन शब्द बोलले होते, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या बातमीतले आकडे आकडे वाटले नाहीत. त्यांना चेहरे आठवले. डोंगराच्या वाटेवर आपण ज्यांच्या अंगणातून जातो, त्यांची नावं आपल्याला माहीत असावीत. पाच-दहा जणांत ती विचारली जातात. झुंडीने जाणाऱ्याला अंगण दिसतच नाही, त्याला फक्त टोक गाठायचं असतं.

विचुंबेही झपाट्याने बदललं. जिथे भाताची खाचरं होती तिथे इमारती आल्या. पलीकडे उलव्याचा डोंगर कापून विमानतळ झाला. इथे नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना खिडकीतून डोंगर दिसतो, पण त्याचं नाव माहीत नसतं. त्यात त्यांचा दोष नाही, कोणी बोट धरून नेलं नाही एवढंच. शिरढोण इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके 1845 साली तिथे जन्मले, हे शेजारच्या सोसायटीतल्या मुलांना सांगितलं कोणी? आपल्यापैकी ज्यांना वाटा माहीत आहेत त्यांनी हे काम अंगावर घ्यायला हवं.

म्हणून एवढंच मागणं आहे. पाऊस ओसरला, वाटा सुकल्या, की आपल्या इमारतीतली दहा-बारा माणसं गोळा करा. त्यात दोन-तीन मुलं असू द्या. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस न करता हातावर ठेवा. जेवण त्याच्या घरचं घ्या, नाव विचारा, तो थांबा म्हणेल तिथे थांबा आणि परत फिरा म्हणाला तर परत फिरा. प्लास्टिक नेलं असेल तेवढं खाली आणा. पहिली वाट कर्नाळ्याची धरा, दुसरी खांदेरीची. आपला जिल्हा कळायला हीच खरी रीत आहे.