हवा, गढूळ आणि पाणी

बेगमपुऱ्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. डबा ठेवला की नंबर लागे आणि नंबर येईपर्यंत ज्याला जे बोलायचं ते बोलायची मुभा असे. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे, त्यामुळे तिथे कुणाचंच गाऱ्हाणं हळू होत नसे. महेमूद दरवाजात समोरासमोर दोन गाड्या घुसल्या आणि कुणीच मागे घेईना. वाळूजला जाणारी कंपनीची बस डोळ्यांदेखत निघून गेली. शेजारचा रोज आपल्याच दारात मोटारसायकल लावतो. वरच्या मजल्यावरची पोरं रात्री अकराला खुर्च्या ओढतात. गिरणीवाले काका चिमटीत पीठ घेऊन बघत, जात्याचा दाब थोडा कमीजास्त करत आणि सगळ्यांना सारखंच ‘हं’ म्हणत.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं पाण्याचं. छत्रपती संभाजीनगरात पाण्याचा विषय निघाला की अनोळखी माणसंही एकमेकांशी बोलू लागतात. शहराचं पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. ते पन्नासेक किलोमीटर दूर आणि शहरापेक्षा खूप खाली. तिथून उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला चढवायचं, मग टाक्या, मग व्हॉल्व, मग गल्ल्या. मध्ये कुठे वीज गेली, जुनी जलवाहिनी फुटली, की पाळी पुढे ढकलली. पाचव्या दिवसाचं पाणी आठव्यावर जातं, आठव्याचं दहाव्यावर. एवढं करून ते दारात येतं तेव्हा तासभर येतं आणि त्या तासाभरात घराघरातल्या माणसांचा स्वभाव बाहेर पडतो.

गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात एक शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. नवरा बदलीच्या नोकरीत बाहेरगावी, घरात सातवीतला मुलगा आणि सासू. पाण्याच्या दिवशी बाई पहाटे चारपासून नळापाशी बसत. नळ आधी फुसफुसे, मग लाल-करडं पाणी येई, आणि स्वच्छ धार लागते न लागते तोच ती करंगळीएवढी होऊन जाई. कारण कोपऱ्यावरच्या घरात मोटार सुरू झालेली असे. नळाला थेट मोटार लावायला नियमाने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मोटार लाईनमधला दाब ओढून घेते, शेवटच्या घराला हवा उरते, आणि नळाचा एखादा जोड सैल असला तर शेजारच्या गटारातलं पाणीसुद्धा त्या ओढीने आत येतं. बाईंचा राग खोटा नव्हता. दर पाळीला त्यांना टँकर सांगावा लागे.

हे त्या गिरणीत सांगत. शाळेत सांगत. जालन्याच्या बहिणीला फोनवर सांगत. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, सुईण म्हणून साऱ्या गल्लीत मान असलेल्या चाचीला सांगत. कोपऱ्यावरच्या भाऊंचा तोरा, त्यांच्या अंगणातली रोज धुतली जाणारी गाडी, त्यांच्या गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्या, हे सगळं आता ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं. ऐकणारे मान हलवत. “माणुसकीच राहिली नाही, बाई.” बाईंना क्षणभर बरं वाटे. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं संपलेलं असे आणि उंबऱ्यातच त्यांना मुलाने अर्धा पिऊन ठेवलेला पेला दिसे.

एका संध्याकाळी त्या पेल्यावरून त्यांनी मुलाला मारलं. अर्धा पेला पाणी! मुलगा रडला नाही. तो म्हणाला, “आई, तू भाऊंना बोल ना. मला काहून मारायली?” सासूबाई आतून म्हणाल्या, “खरं बोलतंय लेकरू.”

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा पेला मी फार घरांत पाहिला आहे. साहेबावरचा राग बायकोवर, रस्त्यावरचा राग लेकरावर, पाण्याचा राग सासूवर. आपण समजतो, बोललं की मन हलकं होतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील सोफी कियारविक आणि ब्रॅड बुशमन यांनी 2024 मध्ये रागाविषयीच्या 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून निघालं ते हे, की राग नुसता ओकून टाकल्याने तो कमी होत असल्याचा फारसा पुरावा नाही. अंगातली धग शांत करणाऱ्या गोष्टींनी मात्र तो उतरतो. ज्याने राग आणला त्याला मनात धरून आपण जितकं बोलत राहतो, तितका तो माणूस आपल्यापाशी वस्तीला येतो. बाईंच्या घरात भाऊंनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण जेवताना, झोपताना, वह्या तपासताना ते हजर असत.

तरीही “बोलू नका, सोसा” हा सल्ला मला पटत नाही, आणि त्या गिरणीत तो दिला गेला तेव्हा रांगेतल्या माईंनाही पटला नाही.

झालं असं, की ज्वारीचा डबा घेऊन बाई आल्या आणि पट्टा सुरू व्हायच्या आतच बोलू लागल्या. रांगेत पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. ते म्हणाले, “बाई, तुम्ही शिकलेल्या. आपल्या शेजारी पैठण. नाथ महाराज गोदावरीवरून आंघोळ करून येत, एक जण वरून थुंके. नाथ पुन्हा नदीवर. असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. तुम्हाला एक मोटार सोसत नाही?”

माई कोपऱ्यात पोत्यावर बसल्या होत्या. माहेर पैठणचं, नाथषष्ठीला दरवर्षी जात. त्या म्हणाल्या, “आजोबा, अर्धीच गोष्ट सांगायले तुम्ही. शेवटी तो माणूस पायाशी आला तव्हा नाथ त्याच्याशीच बोलले. तुझ्यामुळं एवढी गंगा घडली म्हणाले. वाटेवरच्या दहा जणाला सांगत नाही बसले. अन् दुसरं, नाथांनी सोसलं ते सोताच्या अंगावरचं. लोकाचं ढोंग, लोकाचा अन्याय दिसला तव्हा काय गप बसले का? मग एवढी भारुडं कोणी केली?”

हे म्हणणं मला लाखमोलाचं वाटतं. एकनाथांचा (1533–1599) शांतपणा आपण सोयीने वापरतो. ज्याचं पाणी ओढलं जातं त्याला आपण नाथ सांगतो, ज्याची मोटार चालते त्याला कुणी सांगत नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींपाशी वाढलेला हा माणूस जोशी, गोंधळी, वासुदेव यांच्या तोंडून भर चौकात बोलला. ज्यांना ऐकवायचं ते समोर बसलेले असत. स्वतःचा अपमान गिळणं आणि गल्लीतला अन्याय गिळणं, यांत फरक आहे.

बाईंना हे रुचलं नाही. “माई, मी गप्प कुठे बसते? रोजच तर बोलते. त्या घरच्यांना लाजच नाही. बाईमाणूस असून ती वहिनी बटण दाबते म्हणे...”

काकांनी त्याच वेळी पट्टा बंद केला. आवाज एकदम थांबला आणि शेवटचं वाक्य सगळ्या गिरणीला स्वच्छ ऐकू आलं. दारात डाळीचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या वहिनी उभ्या होत्या.

कुणी हललं नाही. वहिनींचा चेहरा लाल झाला. डबा खाली ठेवत त्या म्हणाल्या, “बाई, माझ्या मुलीला तुमच्याच शाळेतल्या पोरींनी विचारलं, तुमच्या घरी पाणी चोरतात का म्हणून. घरी येऊन रडली. साऱ्या बेगमपुऱ्याला तुम्ही सांगितलं. आमचं दार तेवढं राहिलं.”

“तुम्हाला काय माहीत नाही का?” बाई म्हणाल्या.

“नाही. तुमच्या दारात दर वेळी टँकर दिसतो. आम्हाला वाटलं, तुम्हाला परवडतो, तुम्ही नळाची वाट बघत नाही. समोरच्यांनी मोटार लावली म्हणून आम्ही लावली. नाही लावली तर आमच्याकडं थेंब नाही.”

बाईंना बोलायचं होतं ते सुचेना. मग एकदम सगळं आलं. गाडी धुणं, दोन टाक्या, तीन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला न बोलावणं, मुलीच्या शिकवणीवरून झालेला एक जुना शब्द. वहिनींनीही मग आपलं काढलं. आजोबा मध्ये पडायला उठले. माईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“थांबा हो. आठ दिसांनी नळ येतो तव्हा काय होतं? आधी हवा येती. मग गढूळ येतं. तव्हाच तोटी बंद केली तर पाणी कसं यील? येऊ द्या.”

काका म्हणाले, “नहरीलाही हेच होतं, माई. पाणचक्कीचं पाणी डोंगरातनं खापरी नळानं यायचं, पंप नव्हता न् वीज नव्हती. पण वाटंत मनोरे बांधले होते, अडकलेली हवा वर निघून जायला. ते नसते तर पाणी पुढं सरकलं नसतं.” पाणचक्की त्यांच्या गिरणीपासून चालत जाण्याइतकी जवळ. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं दळण त्या पाण्यावर होई. 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने या गावाला नहरींची सवय लावली. उताराने पाणी आणायचं तर वाटेतल्या प्रत्येकाला जोडावं लागतं.

चाची म्हणाल्या, “हवा निघायची जागा वर असावी, बेटा. मध्येच कुठेपण भोक पाडलं तर पाणी रस्त्यावर जातं.” मग बाईंकडे बघून त्या थांबल्या. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला सांगितलेलं सगळं बाईंना तेव्हा आठवलं असावं.

हवा संपायला पाऊण तास लागला. गढूळही बरंच निघालं. त्यानंतर बाई जे बोलल्या ते फार थोडं होतं. “वहिनी, पहिला अर्धा तास मोटार लावू नका. माझा हौद खाली आहे, दाब असला तर तेवढ्यात भरतो. नंतर तुम्ही लावा.”

दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. गाऱ्हाण्यात भाऊ होते, त्यांची गाडी होती, माणुसकी होती. अर्धा तास नव्हता. रोजच्या कटकटींत आपण इतके गुंततो की आपल्याला नेमकं काय हवं आहे, हे शोधायचं राहूनच जातं, आणि ते कळल्याशिवाय समोरचा देणार तरी काय?

वहिनी म्हणाल्या, “आम्ही बंद ठेवू. पण समोरच्यांनी ठेवली नाही तर?”

“त्यांच्याकडे मी जाते,” बाई म्हणाल्या.

समोरचे गृहस्थ तिरसट. त्यांच्या दारात बाई गेल्या त्या मुलाला सोबत घेऊन, आणि सकाळी गेल्या, कारण रात्री दोघंही थकलेले असतात हे त्यांना ठाऊक होतं. गृहस्थ आधी म्हणाले, महापालिकेला सांगा. बाई म्हणाल्या, महापालिकेला आपण सगळे मिळून अर्ज देऊ, पाळी वेळेवर यावी म्हणून. मोटारीचं मात्र तुम्हालाच सांगायला आले आहे. ते स्वतःच्या पाठदुखीवर बोलले, गच्चीवरच्या भाडेकरूंवर बोलले, सुनेवर बोलले. बाई ऐकत राहिल्या. मध्ये तोडलं नाही.

शेवटी ते म्हणाले, “अर्धा तास जमणार नाही. पंधरा मिनिटं.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. “आणि अर्जावर सही?”

त्यांनी सही केली. पुढची पाळी दोन दिवस उशिरा आली. कोपऱ्यावरची मोटार अर्धा तास बंद राहिली, समोरची पंधरा मिनिटांनी सुरू झाली, आणि शेवटच्या घरातला हौद पाऊण भरला. त्या खेपेला बाईंनी टँकर सांगितला नाही.