अर्दबीलचे दोन गालिचे

जी वस्तू आपण पैसा देऊन घेतली तिचे आपण वाटेल ते करावे, त्यास दुसऱ्याने हरकत घेऊ नये, असा व्यवहाराचा नियम आहे. आणि रोजच्या भांड्याकुंड्यांपुरता तो ठीकही आहे. परंतु जी वस्तू आपल्यापूर्वी अनेक पिढ्या नांदली आणि आपल्यामागेही नांदण्याजोगी आहे, तिलाही हा नियम तसाच लावावा काय? आणि अशी वस्तू डागडुजी करून विकताना तिची खरी हकीकत सांगण्यास विकणारा बांधलेला आहे की नाही? इराणातील अर्दबील येथील दोन गालिच्यांच्या वृत्तांतात हे प्रश्न फार स्पष्टपणे उभे राहतात. म्हणून तो वृत्तांत प्रथम थोडक्यात देतो.

सफवी राजघराण्याचा मूळपुरुष शेख सफीउद्दीन हा १३३४ साली वारला. त्याची कबर अर्दबीलास असून तिच्याभोवती पुढे मोठा दर्गा उभा राहिला. शाह तहमास्प याच्या कारकिर्दीत त्या दर्ग्यासाठी एकाच नमुन्याचे दोन विशाल गालिचे विणवले गेले, असे मानतात. त्यांवर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हे साल विणलेले आहे. त्यांपैकी मोठा सुमारे साडेदहा मीटर लांब व सव्वापाच मीटरांहून किंचित अधिक रुंद आहे. ताणाबाणा रेशमाचा, वरची लव लोकरीची, आणि एकंदर गाठी सुमारे दोन कोटी साठ लाख! गडद निळ्या जमिनीवर वेलबुट्टी पसरली आहे. मध्यभागी सूर्यासारखे पिवळे चक्र असून त्याच्या दोहों बाजूंस एकेक दिवा लोंबताना दाखविला आहे. एका टोकास हाफिजचे दोन चरण व त्यांखाली, आपल्या संतांच्या अभंगात शेवटी नाममुद्रा यावी त्याप्रमाणे, मकसूद काशानी हे नाव आहे. तो स्वतःस दरगाहचा बंदा म्हणवितो. एवढे काम एका हाताचे असणे शक्य नाही. कित्येक विणकरांनी वर्षानुवर्षे गाठी मारल्या असतील, आणि त्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

१८४३ साली इंग्रज प्रवाशांना हा गालिचा दर्ग्यातच दिसला होता. पुढे भूकंपाने दर्ग्याची हानी झाली, आणि बहुधा दुरुस्तीच्या खर्चासाठीच हे गालिचे विकण्यात आले. मँचेस्टरच्या झीग्लर कंपनीने ते इराणात खरेदी केले. दोन्ही जीर्ण झाले होते. तेव्हा एकाचे भाग कापून दुसऱ्याची छिद्रे बुजविण्यात आली. एक अखंड दिसू लागला, आणि दुसरा काठावाचून उरला. अखंड दिसणारा १८९२ साली लंडनच्या व्हिन्सेंट रॉबिन्सन यांच्या पेढीने विक्रीस मांडला. सुप्रसिद्ध कलावंत व कवी विल्यम मॉरिस याने तो पाहून सरकारी संग्रहालयाने अवश्य घ्यावा असा आग्रह धरला, आणि मार्च १८९३ मध्ये दोन हजार पौंडांस तो घेण्यात आला. त्याच संग्रहालयास आज व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम म्हणतात. दुसरा गालिचा मात्र गुपचूप एका अमेरिकन संग्राहकास विकला गेला. हातोहात फिरत तो जे. पॉल गेटी या धनिकाकडे गेला, आणि १९५३ साली लॉस एंजेलिसच्या संग्रहालयास दान मिळाला.

आता यात वावगे काय झाले? कापणाऱ्याची बाजू दुबळी नाही. तो म्हणेल, "दोन फाटके गालिचे कोणीही घेतले नसते, दोन्ही कुजून गेले असते. एकाचे दान घेऊन दुसरा जगविला, म्हणूनच आज हजारो लोक तो पाहतात." हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. दर्ग्याच्या विश्वस्तांसही आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. ज्या छपराखाली गालिचा पसरावयाचा ते छप्परच कोसळू लागले असता काय राखावे नि काय सोडावे, हे दूर बसून सांगणे सोपे आहे.

आमचा आक्षेप कात्रीहून अधिक त्या गुपचूपपणावर आहे. संकटात एकाचे अंग दुसऱ्यास द्यावे लागते. पण ज्याने ते दिले त्याचे नाव तरी राहू द्यावे. येथे दात्याला दडविले गेले. जगात एकच असलेल्या वस्तूला किंमत अधिक येते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. वस्तू जगविणे हा हेतू असता तर हकीकत लपविण्याचे कारण नव्हते. ती लपविली गेली, यावरून उपकाराच्या पोटी लाभही होता, असे अनुमान केल्यास चूक होईल असे आम्हांस वाटत नाही. गाठ मारून जोडलेला धागा हा दोष नव्हे. जोडलेला असून अखंड म्हणून विकणे हा दोष होय.

समाधानाची गोष्ट ही की, संग्रहालय आता ही जोडाजोड उघडपणे सांगते. २००६ साली तो गालिचा भिंतीवरून उतरवून, मूळ हेतूप्रमाणे जमिनीवर, काचेखाली पसरण्यात आला. आणि रंग उडू नयेत म्हणून दिवे दर अर्ध्या तासास दहाच मिनिटे लावण्याची योजना झाली. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपणच पोटभर पाहू नये, कारण ती पुढच्यांनाही पाहावयाची आहे, हा संयम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. धनीपणा संपून विश्वस्तपणा सुरू होतो तो येथे.

गालिच्यावरील ते दोन दिवे सारखे नाहीत. एक लहान, एक मोठा. लहान दिव्याच्या बाजूने पाहणाऱ्यास ते सारखे भासावेत अशी योजना असावी, असे कोणी म्हणतात; निर्दोषपणा ईश्वराचाच, म्हणून मुद्दाम उणे ठेवले, असे दुसरे म्हणतात. निर्णय कसाही होवो, विणणाऱ्यांनी ते उणे चारशे वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवले होते. ते झाकावे असे त्यांस वाटले नाही. ज्यांच्या हाती असा वारसा येतो, मग तो गालिचा असो, घर असो की घराण्याची कीर्ती असो, त्यांनी त्याची ठिगळेही वारशाबरोबरच पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.