पॅनलबाहेरची जागा

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, हे कायद्याचं म्हणणं. मशीनवर शिट्टी असते, छत्री असते, कपबशी असते. आणि कुठली शिट्टी कोणाची हे रायगडातलं शेंबडं पोरही सांगतं. त्यामुळे चौक गावच्या एका मामांनी भाचीला पॅनलमधून उभं राहायला सांगताना ‘पक्षबिक्ष काही नाही गं’ अशी सुरुवात केली, तेव्हा ते धड खोटंही बोलले नाहीत आणि धड खरंही नाही.

मामा-भाची कल्पित आहेत, पेच मात्र खरा. मामा हयातभर शेतकरी कामगार पक्षाचे. १९४७ साली निघालेला हा पक्ष राज्यात ओसरला, तरी रायगडात त्याची जुनी माणसं अजून लाल बावट्याचं नाव घेतात. भाची पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स, आणि धर्माने बहाई. बहाई माणूस मतदानाला जातो, मत गुप्तपणे देतो. पण पक्षाचा सभासद होत नाही, प्रचार करत नाही, पक्षाच्या नावावर पद घेत नाही.

“जागा महिला राखीव आहे,” चौक फाट्यावरच्या टपरीवर मामा म्हणाले. “तू शिकलेली, निम्म्या गावाला तू सुया टोचल्यास. नाही म्हणायला कारण सांग.”

“घरोघर जाऊन सांगावं लागेल, मला मत द्या, तिला देऊ नका.”

“मग? स्थळ आलं की आपला मुलगा बरा असं सांगतोच ना आपण?”

भाचीने बहाईंमधली पद्धत सांगितली. दर वर्षी एप्रिलमध्ये गावोगावची नऊ जणांची स्थानिक आध्यात्मिक सभा निवडली जाते. उमेदवार नसतो, कोणी कोणाचं नाव सुचवत नाही, जाहीरनामा नाही. प्रत्येक जण चिठ्ठीवर नऊ नावं लिहितो आणि पेटीत टाकतो.

मामांना हसू आवरेना. “म्हणजे बिनविरोध! अगं, नाशिककडच्या उमराण्याला सरपंचपदाचा लिलाव झाला होता. दोन कोटींच्या वर बोली गेली. २०२१ मध्ये निवडणूक आयोगाला ती निवडणूक रद्द करावी लागली. पक्ष उठवलास की त्या पाटावर पैसा येऊन बसतो.”

बिनविरोध म्हणजे आधी ठरवून घेतलेलं, आमच्याकडे आधी ठरवायचीच मनाई, असं भाचीचं उत्तर होतं. ते बरोबर आहे. पण एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या श्रद्धावंतांत जे जमतं ते पाणीपट्टीवरून भांडणाऱ्या गावात जमेल का, याचं उत्तर त्यात नाही, आणि मामांनी ते हेरलं.

त्यांनी मान वर करून इर्शाळगडाकडे बोट दाखवलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वस्ती. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, चार दिवसांनी शोध थांबवला. वर गाडीरस्ताच नसल्यामुळे यंत्रं चढली नाहीत. चिखलातली चढण चढून गेलेल्या माणसांनी कुदळ-फावड्यांनी उपसलं.

“वाडीला रस्ता हवा तर कोणाच्या दारात जायचं? पक्षाच्याच.”

“पक्ष सगळेच होते, मामा. रस्ता कोणाकडूनच आला नाही.”

“हा टोमणा झाला, उत्तर नाही. आत गेलेली माणसं कमी पडली म्हणून बाकीच्यांनी बाहेर बसायचं?”

भाचीने व्हीपचा मुद्दा काढला. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराचं मत त्याचं स्वतःचं राहिलं नाही, पक्ष सांगेल तिथे हात वर. मामांनी तिला अडवलं: ग्रामपंचायत सदस्याला कुठला आलाय व्हीप? “असतो,” ती म्हणाली. “कागदावर नसतो एवढंच. सभेच्या आदल्या रात्री पॅनलची बैठक कशाला असते मग? दुसऱ्या दिवशी समोरच्याचं म्हणणं पटलं तरी मला हात खालीच ठेवावा लागेल.” चर्चेत मन बदलायची मोकळीक आधीच गहाण पडते, हा तिचा खरा आक्षेप. बहाई ज्याला परामर्श म्हणतात त्यात मांडलेली सूचना मांडणाऱ्याची राहत नाही, सभेची होते. पॅनलमध्ये ती शेवटपर्यंत कोणाची तरी असते.

मग तिने शिरीन फोझदार यांचं नाव काढलं. १९०५ साली मुंबईत जन्मलेल्या, पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, इराणी बहाई घरातल्या. १९५० मध्ये डॉक्टर नवऱ्याबरोबर सिंगापूरला गेल्या. तिथे पुरुष दोन-दोन, तीन-तीन बायका करत आणि टाकूनही देत. शिरीनबाईंनी १९५२ मध्ये सिंगापूर कौन्सिल ऑफ विमेन उभी करायला पुढाकार घेतला, सत्ताधाऱ्यांना पत्रांनी भंडावून सोडलं. १९६१ मध्ये ‘विमेन्स चार्टर’ कायदा झाला आणि बिगरमुस्लिमांत बहुपत्नीत्व बंद झालं. निवडणूक त्यांनी लढवली नाही.

“कायदा केला कोणी?” मामांनी विचारलं.

“पीपल्स ॲक्शन पार्टीच्या सरकारने. १९५९ च्या निवडणुकीत त्यांनी तो विषय घेतला होता.”

“पार्टी! म्हणजे तुमच्या बाईंनी मागायचं आणि हात कोणीतरी दुसऱ्याने काळे करायचे.”

भाचीने हे मान्य केलं. करायलाच हवं होतं. बाहेर राहणाऱ्याचं काम आत गेलेल्यावर अवलंबून असतं; ही उधारी नाकारणारी अलिप्तता नुसती मिजास ठरते.

मामांना जोर चढला. “पेण तालुक्यातलं गागोदं माहीत आहे ना? विनोबांचं गाव. तेही म्हणायचे राजनीती नको, लोकनीती हवी. आणि आणीबाणीत?” १९७५ साली विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. त्यांनी लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने प्रचारात वापरले. पुढे विनोबांनी आचार्यांचं संमेलन बोलावून बाजू सावरली, पण लोकांच्या लक्षात दोन शब्दच राहिले.

“विनोबांचा मला राग येत नाही, भीती वाटते,” भाची म्हणाली. “आपलं गप्प राहणं कोण कुठे वापरेल सांगता येत नाही. पण त्याच वर्षी इराणच्या शहाने एकच पक्ष ठेवला, रस्ताखीज, आणि सगळ्यांनी त्यात यावं म्हणून फर्मान काढलं. बहाई गेले नाहीत.”

“मग १९७९ नंतर क्रांतीवाल्यांनी डोक्यावर घेतलं असेल.”

“शहाची माणसं म्हणून पकडलं. १९८० मध्ये बहाईंच्या राष्ट्रीय सभेचे नऊच्या नऊ जण उचलून नेले, ते पुन्हा दिसले नाहीत. दोनशेच्या वर माणसं मारली. १९८३ मध्ये संस्थांवर बंदी आली, तेव्हा सरकारचा हुकूम म्हणून त्यांनी आपल्या सभा आपणच बरखास्त केल्या.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिथे किंमत त्यांनी स्वतः मोजली. त्यांना माझा नमस्कार. इथे तू बाहेर राहिलीस तर किंमत वाडीवाले मोजणार. हे दोन्ही एकाच तागडीत घालू नकोस.”

सगळ्या बोलण्यात याहून भारी वाक्य कोणी टाकलं नाही. भाचीही त्याला थेट भिडली नाही, बाजूने गेली. “ग्रामसभेला येईन. तिथे पॅनल नाही, चिन्ह नाही, मतदार म्हणून उभं राहून बोलता येतं.”

“ग्रामसभा!” मामांनी हात झटकला. “कोरमला १५ टक्के मतदार नाहीतर शंभर माणसं लागतात. जमत नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग दहा-बारा टाळक्यांत सगळे ठराव मंजूर.”

“म्हणून तर तहकूब सभेला येईन. आणि आधीच्या महिलांच्या सभेलाही.”

“ये. आणि राखीव जागेवर कोणाची तरी बायको उभी राहील, सही ती करेल आणि मीटिंगला नवरा येईल. चालेल तुला?”

“नाही चालणार. तरी फॉर्म भरणार नाही.”

“मग दुसरी चांगली बाई सुचव एखादी.”

भाचीच्या ओठांवर एक नाव आलं होतं. पण नाव सुचवलं की ती पॅनलची शिफारस झाली. तिने चहा संपवला. मामा तिच्याकडे बघत खो-खो हसायला लागले, आणि मग तीही.