तीन नद्यांचा कलामहोत्सव

अमेरिकेतलं पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं शहर. 1940 च्या दशकात तिथे धूर इतका, की भरदिवसा रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. अलेघेनी आणि मोनोंगाहेला या नद्या एकत्र येऊन जिथे ओहायो होते, त्याच शहरात 1960 साली कलामहोत्सव सुरू झाला. दर जूनमध्ये भरतो, तिकीट नाही. पाऊस मात्र बहुधा ठरलेला. लोक त्याचीही थट्टा करतात. संग्रहालयाची पायरी चढायला बिचकणारा माणूस इथे सरबताचा पेला हातात घेऊन चित्रासमोर उभा राहतो, किंमत विचारतो, नाक मुरडतो, पुढच्या मांडवाकडे वळतो. नाक मुरडायचा हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. अर्थात फुकट ते पाहणाऱ्याला. मांडव उभा राहतो देणगीदारांच्या पैशावर.