धक्का आणि डोल

मनुष्याने आयुष्यातील आघात अंगावर घ्यावेत की चुकवावेत, हा प्रश्न फार जुना आहे. त्याची उत्तरेही जुनीच आहेत. आज मात्र आम्हांस या प्रश्नाकडे एका अगदी अर्वाचीन व वरवर पाहता क्षुल्लक अशा वस्तूच्या वाटेने जावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या चाकापाशी बसविलेली, हाताने कमीअधिक कठीण करता येणारी धक्काशोषक नळी. गॅरेजातील कारागीर जिला सुटसुटीतपणे ‘शॉकअप’ म्हणतात ती. तत्त्वचर्चेस हे उदाहरण हलके आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तारा फार ताणू नयेत व फार सैलही सोडू नयेत, हा वीणेचा दृष्टान्त भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्षूस दिला, तेव्हा वीणा हीही लोकांच्या नित्य परिचयाची एक वस्तूच होती.

नाशिककरांस हा विषय परका नाही. त्र्यंबक रस्त्यावर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्र कंपनीचा कारखाना आहे, आणि ‘थार’ ही आडवाटांची गाडी नाशिकचीच निपज आहे. तिचे कुळ जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जी जीप जन्मास आली, तिची जुळणी या कंपनीने १९४७ साली आपल्या देशात सुरू केली. २०१० साली त्याच घराण्यात ‘थार’ अवतरली, तेव्हा तिच्या मागील चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी होत्या. २०२० सालच्या नव्या आवृत्तीत चारही चाकांवर वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. तथापि तिच्या हौशी मालकांचे एवढ्याने समाधान होत नाही. कारखान्याने दिलेल्या नळ्या काढून ते दुसऱ्या बसवितात. या नळीस एक खुंटी असते आणि ती पिळली की नळी मऊ किंवा कठीण होते. कित्येक नळ्यांना अशा नऊ पायऱ्या असतात. चार नळ्यांचा खर्च एखाद्या मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाइतका सहज होतो.

आमच्या शेजारी या खर्चावरून पितापुत्रांत एकदा वाद झाला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे पेठ-सुरगाण्याकडे एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून जाण्यायेण्यात गेलेली. ते म्हणाले, “अरे, रस्ता कसा आहे ते अंगाला कळू दे की! एवढे पैसे मोजून धक्के चुकवायचे कशाला?” चिरंजीव अभियंते. त्यांनी उत्तर दिले, “बाबा, धक्के चुकवायला नाहीत हो हे. चाक जमिनीवरून सुटू नये म्हणून आहेत.” पित्याचा प्रश्न नीतीचा होता आणि पुत्राचे उत्तर यंत्रशास्त्राचे होते. पण विचार करता आम्हांस असे वाटू लागले, की ही दोन्ही वाक्ये एकाच विषयाची आहेत.

प्रथम नावाने होणारा घोटाळा दूर केला पाहिजे. धक्काशोषक म्हणून जी नळी ओळखली जाते, ती धक्का मुख्यतः शोषीत नाहीच. तो पहिला आघात झेलते ती स्प्रिंग. बैलगाडीस स्प्रिंग नसते. तिची मंद गती हेच तिचे संरक्षण होय. टांग्याचा वेग वाढला तशा त्यास कमानी आल्या. परंतु स्प्रिंगेचा एक स्वभाव आहे: ती जे घेते ते परत करते. एका खड्ड्याने दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. खड्डा कधीच मागे पडलेला असतो आणि गाडी अजून डोलतच असते. हा मागाहूनचा डोल थांबविणे एवढेच त्या नळीचे काम. तिच्यात तेल असते, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्यास बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून तेल रेटले जाते आणि गतीची उष्णता होऊन जाते. खडकाळ वाटेने तासभर गाडी हाणल्यावर नळीस हात लावावा, तो चटका बसतो. खुंटी पिळणे म्हणजे तेलाची ही वाट अरुंद किंवा रुंद करणे. युक्तीही सर्वस्वी नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्टफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्रुफो या फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेवरून चकत्यांच्या घर्षणावर चालणारी साधने विक्रीस आणली. त्या चकत्यांचा आवळ कमीअधिक करता येई; आणि १९३० नंतरच्या दशकात तर चालकास जागेवरून न उठता तो बदलता यावा, अशीही सोय निघाली होती.

आता मनुष्याकडे वळू. आघात आणि आघातानंतरचा डोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो. अपमान होतो तो एका क्षणात. त्याचा डोल दहा वर्षे चालतो. आप्ताचा वियोग हा आघात होय, आणि तो ज्यास जाणवत नाही त्यास धीर म्हणत नाहीत, दगड म्हणतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाविषयी पुष्कळांची अशी समजूत असते, की त्यास काही लागतच नाही. ज्यास काही लागत नाही त्यास प्रज्ञेची आवश्यकता तरी काय? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त गीतेचा अर्थ कर्मयोगपर लावला, कर्म करणारा मनुष्य तर रस्त्यावरच असतो, आणि रस्त्यावर असणाऱ्यास खड्डे चुकत नाहीत. खड्ड्याची वार्ता आत यावी, पण तिने पुढच्या वळणावर हात कापू नये, एवढाच स्थिरबुद्धीचा अर्थ आम्ही करतो.

मग ही नळी कठीण असावी की मऊ? येथे यंत्र आपणांस एक सुंदर गोष्ट शिकविते. नळी अति मऊ असेल तर चाक उसळ्या घेत राहते आणि जमीन सोडते. नळी अति कठीण असेल तर चाकास उंचवट्यावरून खळग्यात वेळेवर उतरता येत नाही. ते टणाटण उडत जाते आणि जमीन सोडते. दोष परस्परविरुद्ध, परिणाम एकच. हळवा मनुष्य आणि ताठर मनुष्य हे एकमेकांस नावे ठेवितात. परंतु एक भावनेच्या उसळीत व दुसरा अभिमानाच्या ताठ्यात, दोघेही प्रत्यक्ष परिस्थितीशी असलेला आपला संबंध गमावून बसतात. आणि जमीन सुटलेल्या चाकास ना वळविता येते, ना थांबविता येते.

यावर कोणी म्हणेल, की मधली पायरी ठरवून टाकावी व खुंटीस हात लावू नये. पण पाचवी पायरी हा काही मध्य नव्हे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हीच शंका घेतली आहे. दहा माप अन्न फार व दोन माप थोडे झाले, म्हणून सर्वांस सहा माप द्यावे असे होत नाही. मायलो मल्लास ते अपुरे पडेल आणि तालमीत नुकत्याच आलेल्या पोरास जड जाईल. त्याचप्रमाणे महामार्गावर वेगाने जाताना वा पाठीवर ओझे असताना नळी कठीण हवी. धोंड्यांवरून पावला-पावलाने उतरताना ती मऊ हवी. जो बाप मुलाच्या परीक्षेतील अपयशास आणि त्याच्या खोटेपणास एकाच पायरीवर भेटतो, तो निःपक्षपाती नसून आळशी आहे.

आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. चांगल्या नळीत दबतानाचा विरोध व उसळतानाचा विरोध हे निराळे असतात, आणि बहुधा उसळतानाचा विरोध अधिक ठेवलेला असतो. आघात आत येऊ द्यावयाचा तो पुष्कळसा मोकळेपणाने, परंतु परत फेकावयाचा तो मोठ्या आवराने. आपला नित्यक्रम याच्या नेमका उलट असतो. कोणी टीका केली की ती ऐकून घेताना आपण लोखंड होतो, आणि उत्तर देताना आपल्यास कसलाच आवर राहत नाही.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. प्रसंगानुसार मऊ-कठीण होणे यासच जग संधिसाधूपणा म्हणत नाही काय? वरिष्ठांपुढे पहिली पायरी आणि चपराशापुढे नववी, असे खुंटीचे वापरकर्ते आम्ही शिक्षणसंस्थांत पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा दोहोंतील भेद सांगावयास हवा, आणि तो अभियंत्याच्या उत्तरात आहे. नळीची कठीणता बदलते, पण तिचे प्रयोजन बदलत नाही. प्रत्येक पायरीवर तिला चाक जमिनीस धरूनच ठेवावयाचे असते. संधिसाधूची पायरी बदलते ती सत्याशी संबंध टिकावा म्हणून नव्हे, तर तो सोडणे सोयीचे व्हावे म्हणून. शिवाय त्याची खुंटी दुसऱ्याच्या हाती असते.

येथवर पुत्राची बाजू झाली. परंतु निवृत्त शिक्षकांची शंका एवढ्याने निकालात निघत नाही. यंत्राचे प्रयोजन काहीही असो, त्याने स्वारास सुखही मिळते; आणि ज्या सुखाने रस्त्याची वार्ताच बंद होते त्या सुखाची किंमत दुसराच कोणी देतो. नाशिकहून सावळघाटाने पेठेकडे जावे व तेथून आडबाजूच्या पाड्यांकडे वळावे. तेथील मुसळधार पावसात डांबराचे काय होते, हे आषाढ-श्रावणात दिसते. तो रस्ता एस.टी.तील म्हातारीच्या कंबरेस ठाऊक आहे. प्रसूतीसाठी तालुक्याच्या गावी नेल्या जाणाऱ्या स्त्रीस तो ठाऊक आहे. तिच्या गाडीस नऊ पायऱ्यांची खुंटी नसते. ज्यांचा शब्द कचेरीत ऐकला जातो, त्यांच्या गाड्यांखाली मात्र तो रस्ता हळूहळू नाहीसा होतो. खड्डा तेथेच राहतो. त्याविषयी तक्रार करू शकणारा मनुष्य तेवढा कमी होतो. पाण्याचा टँकर, विजेचा इन्व्हर्टर, खाजगी शिकवणी यांची कथा हीच आहे.

आणि काही आघात तर जाणवावेत म्हणूनच दिलेले असतात. १९३० च्या मार्च महिन्यात याच शहरात काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद करण्यात आली. तो लढा पुढे काही वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्यास, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. तो धक्का ज्यांच्यासाठी होता, त्यांतील कित्येक घरांनी तो बाहेरच्या बाहेर जिरविला. घरातील पाट-पाणी, सोवळे-ओवळे तसेच चालू राहिले. बंद केलेल्या दारास धीर म्हणत नाहीत. ज्या समाजाच्या नळ्या इतक्या उत्तम असतात, की न्यायाची हाकही आत पोहोचत नाही, त्या समाजाचे चाक जमिनीवर आहे असे कोण म्हणेल?

म्हणून हौशी तरुणांनी अशा नळ्या घेऊ नयेत, असा उपदेश आम्ही करीत नाही. चांगले साधन वापरण्यात पाप नाही. हल्ली काही मौल्यवान मोटारींत ही कठीणता क्षणार्धाहूनही कमी वेळात आपोआप बदलते, आणि आतील मनुष्यास कशाचाच पत्ता लागत नाही. हाताच्या खुंटीची गोष्ट निराळी आहे. ती फिरवावयाची तर गाडी थांबवावी लागते, खाली उतरावे लागते, चाकापाशी गुडघे टेकून बसावे लागते. त्या वेळी मालकाचे डोळे रस्त्याच्या पातळीवर आलेले असतात. पायरी बदलण्यापूर्वी त्याने तो रस्ता क्षणभर नीट पाहावा, त्यावरून रोज कोण जाते ते आठवावे, आणि मगच खुंटीस हात घालावा.