समोरून कोणी आलं नाही

नागपूरचे रस्ते सरळ. वर्धा रोडवर बाइक शिकलेल्या माणसाला वळण म्हणजे सिग्नलवर इंडिकेटर देऊन घ्यायची गोष्ट वाटते. म्हणून सुट्टीच्या दिवशी आमचा ग्रुप परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला निघतो, तेव्हा कोण कसा चालवतो ते घाटातच कळतं.

तिथे बरेच जण व्हिडिओत पाहिलेली लाइन पकडतात. बाहेरून यायचं, वळणाच्या पोटाला चिकटायचं, पुन्हा बाहेर सुटायचं. रेस ट्रॅकवर ते बरोबरच आहे, तिथे समोरून एसटी येत नाही. घाटातल्या उजव्या वळणावर मात्र चाकं मध्यरेषेच्या आत असली तरी गाडी कललेली असते, त्यामुळे डोकं आणि खांदा पलीकडच्या लेनमध्ये जातो. म्हणून अशा वळणावर आपल्या लेनच्या डाव्या बाजूला राहायचं, पण अगदी कडेला नाही, तिथे खडी साचते. डाव्या वळणावर थोडं मध्याकडे सरकलं की पुढचं लवकर दिसतं. समोरचा आत घुसताना दिसला तर मात्र ती जागा लगेच सोडायची. आणि वेग एवढाच, की जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल. कोरड्या सपाट रस्त्यावर, ब्रेक लावेपर्यंतचा एक सेकंद धरून, ताशी ४० किलोमीटरला साधारण २० मीटर लागतात. ६० ला ४० मीटर. उतारावर आणखी जास्त.

हे सगळं माहीत असलेला माझा एक मित्र म्हणतो, "शंभरदा कट मारला बे, काही नाही झालं."

मला त्याच्या वेगापेक्षा हे वाक्य जास्त खटकतं. काही झालं नाही, कारण समोरून कोणी आलं नाही. ते न येणं त्याच्या हातात होतं का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली याच गोष्टीला 'नैतिक नशीब' म्हटलं. नेगेलचं उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. ब्रेक तपासून न घेणाऱ्याच्या समोर मूल आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देतो. न आलं तर त्याच निष्काळजीपणाची त्याला आठवणही राहत नाही. चूक तेवढीच.

मित्राचं उत्तर तयार असतं: जोखीम तर घराबाहेर पडलो की आहेच. आहे ना, पण ती माझी. वळणापलीकडून बायको आणि लेकरू घेऊन, आपल्या बाजूने चढणाऱ्या माणसाला कोणी विचारलं होतं? "हॉर्न दिला होता" हेही मला पुरेसं वाटत नाही. हॉर्न द्यावाच, पण त्याने समोरच्याची लेन आपल्या नावावर होत नाही.

मित्राला हे पटलेलं नाही. एवढा विचार केला तर मजा काय, म्हणतो. उतरताना तो पुढे असला की मी अंतर वाढवतो. मागे लागलो तर तो आणखी पळवतो, तेवढं तरी मला माहीत आहे.