वंशावळीत न सापडलेला याजक

इराणचा राजा कोरेश याने इ.स.पू. 538 मध्ये मोकळीक दिली आणि बाबेलला धरून नेलेले यहुदी जेरुसलेमला परतू लागले. परतलेल्यांची एज्राच्या पुस्तकातली यादी बहुतेक वाचक ओलांडून जातात. मीही जायचो. पण तिच्यात एक जागा थबकायला लावते. चार घराण्यांचे मिळून 4,289 याजक मोजून झाल्यावर आणखी तीन घराणी पुढे आली. त्यांनी वंशावळीच्या नोंदी धुंडाळल्या, पण नावं सापडेनात. त्यांतल्या एका घराण्याचा मूळपुरुष गिलादच्या बर्जिल्लयाचा जावई होता आणि त्याने चक्क सासुरवाडीचं नाव लावलं होतं! ते नाव पुढच्या पिढ्यांना नडलं. तिन्ही घराणी याजकपणातून वगळली गेली. उरीम व थुम्मीम घेऊन देवाचा कौल लावणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नाला हात लावायचा नाही, असा हुकूम अधिकाऱ्याने सोडला.

याजक व्हायचं तर जन्म अहरोनाच्या कुळातला हवा, तो सिद्ध करता यायला हवा, शिवाय देह अव्यंग हवा. इ.स.पू. 40 च्या सुमारास अँटिगोनसने आपला चुलता, महायाजक राहिलेला हिर्कानस, याचे कान विद्रूप केले. त्यात नुसता सूड नव्हता, हिशेबही होता. कान गेलेल्या माणसाला पुन्हा महायाजक होता येत नव्हतं.

अशा लोकांसमोर येशूला महायाजक म्हणायचं म्हणजे पंचाईतच. तो यहूदाच्या वंशातला, दावीदाच्या घराण्यातला. त्या वंशाकडे सिंहासन होतं, वेदी नव्हती. खरा हक्कदार होता बाप्तिस्मा देणारा योहान. लूक मुद्दाम सांगतो की त्याचा बाप जखऱ्या अबियाच्या वर्गातला याजक आणि आई अलीशिबा अहरोनाच्या कुळातली. म्हणजे ज्याला मंदिरात धूप जाळायचा वारसा होता तो रानात टोळ खात राहिला, आणि ज्याला नव्हता त्याला पुढे महायाजक म्हटलं गेलं.

इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने ही अडचण झाकली नाही, उलट तीच पुढे केली. त्याने मलकीसदेकाला उभं केलं. जुन्या करारात हे नाव दोनच ठिकाणी येतं, उत्पत्तीच्या 14व्या अध्यायात आणि स्तोत्र 110 मध्ये. शालेमचा हा राजा आणि याजक लढाईहून परतणाऱ्या अब्राहामापुढे भाकर आणि द्राक्षारस घेऊन येतो, आशीर्वाद देतो, लुटीचा दशांश घेतो आणि गोष्टीतून निघून जातो. ज्या पुस्तकात पानोपानी अमक्याचा मुलगा तमका, तिथे याच्या बापाचं नावही नाही. पत्रलेखक नेमकं त्या मौनावर बोट ठेवतो. आणि मग पट्टीच्या वकिलासारखा मुद्दा काढतो: अब्राहामाने दशांश दिला तेव्हा त्याचा पणतू, म्हणजे अहरोनाच्या याजककुळाचा पूर्वज लेवी, त्याच्याच देहात होता, म्हणजे लेवीनेही तो दिला, तेव्हा मोठा कोण?

गंमत अशी की वंशाचा अधिकार मोडणारा हा युक्तिवाद अस्सल वंशाचाच आहे. पूर्वजाने केलेलं वंशजाच्या खात्यावर पडतं, हे मान्य नसेल तर तो उभाच राहत नाही. म्हणून ख्रिस्ती धर्माने वंश झुगारला, हे सरसकट विधान मला पटत नाही. महायाजकाने वर्षातून एकदा पडद्याआड रक्त नेणं म्हणजे काय, हे लेवीच्या घरानेच शिकवलं. ते शिक्षण वजा करा. येशूचं मरण रोमन सुभेदाराने दिलेली एक शिक्षा उरेल, त्याला अर्पण म्हणता येणार नाही.

इ.स. 70 मध्ये मंदिर जळालं, याजकांचं काम संपलं. तरी आजही पारंपरिक सिनेगॉगमध्ये कोहेन, म्हणजे याजक, घराण्यातले पुरुष हात उंचावून आशीर्वाद देतात. चर्चमध्येही हातच आले, पण ते दुसऱ्याच्या डोक्यावर. बिशपने हात ठेवायचे आणि दीक्षा द्यायची. 1139 साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने याजकांचे विवाह रद्दबातल ठरवले आणि रोमच्या चर्चमध्ये बापामागून मुलाने वेदीशी उभं राहण्याची वाटही बुजत गेली.

इटलीत रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये, वेदीजवळच्या भिंतीवर सहाव्या शतकातलं रंगीत तुकड्यांचं एक चित्र आहे. मधे पांढऱ्या कापडाने झाकलेलं मेज, एका बाजूला कोकरू उचललेला हाबेल, दुसऱ्या बाजूला भाकर धरलेला मलकीसदेक. दोघेही अर्पण करताहेत, आणि लेवी अजून जन्मायचा आहे.